चाकोरी

ओवे कॅम्पमागून जी वाट फणसवाडीला चढते
तिच्यावर चाकोरी जूनमध्ये वीतभर होती.
आज काठी उभी घातली,
गुडघ्याला दोन बोटं कमी.

मापं घेणं हा माझा छंद नाही, दुखणं आहे.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या कारखान्यात
दातेरी चाकं तपासली, दात न् दात.
केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक,
की लाल खडूची फुली.
निरोपसमारंभात कोणीसं म्हणालं,
यांनी चाकोरीबाहेर कधी पाऊल टाकलं नाही.
टाळ्या पडल्या. मला घड्याळ मिळालं.

आता रविवारी हा डोंगर.
भाद्रपद. दोन्ही अंगांनी तेरडा दाटलेला,
खाली सेक्टरांच्या गच्च्या, निळ्या ताडपत्र्या,
आणि वर कुठेतरी जीपगाड्या,
दिसण्याआधी पोटात वाजणाऱ्या.

चांगुणा पारधी करटोल्यांची पाटी घेऊन उतरत होती.
म्हणाली, डांबराचा रस्ता हाये की तिकून.
हितं काय सांडलंय ह्यांचं?
मी हसलो. मला वाटलं, ती माझ्याच बाजूची.
मग तिनं माझ्या बुटांकडं पाहिलं.

पहिल्या खिंडीखाली डाव्या चाकोरीत पाणी साचलेलं,
चहासारखं, तळाशी टायरची नक्षी अजून शाबूत,
आणि त्या नक्षीच्या खणाखणांत
बेडकाची पिल्लं. शेपटीवाली. असंख्य.
मोजायला बसलो. दोनशे चौदापर्यंत आलो
तेव्हा वरच्या वळणावर गियर बदलला.

मी उठलो नाही.
शूर वगैरे काही नाही, गुडघे धरले होते.
गाडी दहा हातांवर थांबली, केशरी,
चिखलानं कपाळ माखलेली.
काका, बाजूला व्हा ना, आतला पोरगा म्हणाला.
(केयूर. नाव मागून कळलं. सीवूड्सचा. दाढी नवी.)

मला ओरडायचं होतं. आठवडाभर जुळवलेली वाक्यं होती.
तोंडून निघालं,
तुझ्या मागच्या आसाचा पिनियन वाजतोय.
दाब दिलास की रडतो, सोडलास की गप्प.

त्यानं इंजिन बंद केलं.
इतकी शांतता झाली
की तेरड्याची एक बोंडी फुटलेली ऐकू आली.
तुम्हाला कसं कळलं? म्हणाला.
कसं सांगू, अरे, तो आवाज
माझ्या हाताखालून गेला असेल,
एखाद्या शुक्रवारी, पाळी संपताना,
खडू उचलायचा कंटाळा केला असेन मी.

तो उतरला. पाण्याशी उकिडवा बसला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, आता जाऊ कुठून?

आणि मी, मीच, हात केला.
उजवीकडून घे. चाक बांधावर चढव. हळू. अजून.
बस्स. आता सोड.
तेरडा आडवा झाला, तीन हात रुंद पट्टा,
गुलाबी, ओला, चेंगरलेला.
पोरानं आरशातून अंगठा दाखवला.
मीही दाखवला. लाज वाटायला
घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

पुढच्या रविवारी पाणी तसंच.
पिल्लांना मागचे पाय फुटलेत,
अजून काय करायचं त्यांचं, हे न कळल्यासारखे.
आणि उजवीकडे, मी हात केला होता तिथून,
आणखी गाड्या गेलेल्या. तीन, किंवा चार.
टायरच्या नक्ष्या एकमेकींवर चढल्या होत्या.

काठी घातली.
चार बोटं.

चांगुणा वरून आली, पाटीत या वेळी कुर्डूची भाजी.
जुनी चाकोरी एका ढांगेत,
नवी दुसऱ्या ढांगेत ओलांडून गेली.
खाली बघितलंही नाही तिनं.
मी काठीचा चिखल गवताला पुसत होतो,
खिशात हात गेला,
खडूसाठी.